दहा पळांची औटकी

पुणे, शुक्रवार पेठ
ज्येष्ठ वद्य ४, शके १७०५

तीर्थरूप आक्काच्या पायांशी धाकट्या दिगंबराचे दंडवत. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. आता खरे काय ते लिहितो.

पंधरा दिवसांपूर्वी आप्पासाहेबांच्या नातीचे लग्न झाले. मुहूर्त अर्थात मीच काढलेला. ऐनवेळी कोणाचा तरी पाय लागून घटिकापात्र कलंडले. मी म्हटले, काही बिघडले नाही, काठीची सावली मोजतो आणि वेळ काढतो. सगळे गणित झाले आणि शेवटच्या पायरीला अडलो. सतरा औटे. सतरा वेळा साडेतीन, एवढेच! लहानपणी तू आणि मी ओसरीवर बसून ओरडायचो तेच. आणि आक्का, ते येईना. ओठांपर्यंत आले होते, पण बाहेर पडेना. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि दोनशे डोळे माझ्या तोंडाकडे. शेवटी मागून आपला अनंत हळूच म्हणाला, "काका, साडेएकोणसाठ." तोवर मलाही आलेच होते, पण बोलला तो आधी. आप्पासाहेब म्हणाले, "सावकाश होऊ द्या, जोशीबुवा. नवऱ्या मुलाची मुंजही उशिराच झाली होती." मंडप हसला. मीही हसलो, नाहीतर काय करणार?

अनंताचा राग नाही. धाकटा भाऊ गेल्यावर त्याला मीच वाढवला, गणितही मीच शिकवले. भीती निराळीच आहे. आबा गेले तेव्हा मी, थोरला मुलगा, काशीत होतो. परत आलो तेव्हा घरात त्यांची पगडी तेवढी होती. काकांनी एवढेच सांगितले की शेवटच्या दोन वर्षांत आधी गणित गेले, मग माणसे ओळखेनाशी झाली. कसे गेले ते कोणी बोलले नाही आणि मी विचारले नाही. आता वाटते, असेच सुरू झाले असेल. ओठांवर आलेले उत्तर बाहेर पडेना.

माझ्या पंचांगाच्या दरसाल दीडशे नकला होतात. लोकांची श्राद्धे, उपास, पेरण्या त्यावर चालतात. दसऱ्याला पुढल्या सालच्या गणिताची धूळपाटी पुजायची. बुद्धी निघालीच असेल तर यंदा त्या पाटीवर अनंताला बसवावे, हे उघड आहे. पण चाळीस वर्षे ज्या धुळीत बोट फिरवले ती सोडवत नाही.

म्हणून एक खूळ केले. तांबट आळीतल्या बजरंगाकडून एक लहान पात्र करून घेतले. पाण्यावर सोडले की भोकातून भरत भरत बरोबर दहा पळांनी बुडते. सहा वेळा बुडाले की एक घटिका. तेवढ्या दहा पळांत अनंताने उलटसुलट औटकी विचारायची आणि मी उत्तरे द्यायची. माझी अडतीस झाली. मग मी विचारली, तर अनंताची एकोणसाठ! आता तूच सांग, मी काय समजावे?

तुझा दिगू


वाई
आषाढ शुद्ध ९

चिरंजीव दिगूस आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तसं तुझं झालंय. एक पाढा अडला की लगेच पाटी सोडायला निघालास! शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत त्याच हंडीतलं असावं लागतं. चोवीस वर्षांच्या पोराशी सहासष्ट वर्षांचा म्हातारा ताडून बघतो आणि वर रडतो. तुझ्या वयाचे आणखी दहा जण बघ. माझ्या वयाचे बघ. तुमच्या पुण्यात म्हाताऱ्यांची टंचाई आहे का? तिथे तर प्रत्येक पारावर चार बसलेले असतात आणि प्रत्येकाला सगळं कळतं.

माझं म्हणशील तर मी त्र्याहत्तरीत आहे आणि औटकी अजून माझ्या जिभेवर नाचते. सुनीतीला म्हटलं, कोणताही आकडा सांग. ती म्हणाली, एकोणीस. एकोणीस औटे साडेअडुसष्ट! तिचं तोंड मिटायच्या आत माझं उत्तर. सून बघतच राहिली. आबा म्हणायचे ते आठवतं ना? हिचं नाव मंदाकिनी ठेवलं, पण मंद हिच्यात नावापुरतंच.

आबांच्या शेवटाचं मला विचारू नकोस. झालं ते झालं.

तसलंच एक पात्र मला पाठवून दे. तुझं दुःख मोजून तरी बघू.

आक्का


पुणे
श्रावण शुद्ध ११

तीर्थरूप आक्कास दंडवत. तुझा धपाटा लागला आणि कामी आला. एकोणीस औटे साडेसहासष्ट, बरे का! पत्र नेणारा दारात उभा राहून घाई करत असणार, म्हणून लेखणी घसरली. तुझ्याकडून आकडा चुकलेला पाहायची ही माझी पहिलीच वेळ, म्हणून जपून ठेवणार आहे.

आता ऐक. तू सांगितलेस तसे मी महिनाभर माणसे गोळा केली. बेचाळीस झाली. वाण्याचे, सराफाचे, देवळातले, सुतार, दोन विधवा मावश्या, कोणी सोडले नाही. ओसरीवर घंगाळ, त्यात कात्रजच्या नळाचे पाणी, त्यावर पात्र. पेठेत बोभाटा झाला की जोशांना वेड लागले, ते दिवसभर वाटी बुडवत बसतात. एकाने विचारले, "वाटी गळकी आहे, तर दुसरी का घेत नाही?"

धायरीचा दत्तोबा मापारी आला होता. धान्य मोजणारे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तुला ठाऊक आहेच. अनंताने विचारले, "एक औट?" तर म्हणे, "लाभ औट साडेतीन." अनंत कसला वाकडा! त्याने विचारले, "मग नवे औटे किती? साडेलाभतीस का?" दत्तोबा म्हणाला, "साडेयेकतीस. म्या मापारी हाय, येडा न्हाई."

जब्बार गोलंदाजही आला. सत्तरी ओलांडली आहे, एका कानाने ऐकू येत नाही. तोफेच्या दारूची मापे साडेतीन शेरांची असायची, म्हणून औटकी त्याला तोंडपाठ. त्याची छत्तीस झाली. प्रत्येक उत्तराआधी थोडा थांबायचा. पण एकही चुकले नाही. मी विचारले, "खाँसाहेब, थांबता का?" म्हणाला, "पंडितजी, तोफ पुसल्याबिगर भरायची नाही. घाई केली तर पहिले आपणच उडतो."

आणि मग, आक्का, मी ते सगळे आकडे वयाप्रमाणे मांडले. विशीतल्यांची साठाच्या आसपास. तिशीतल्यांची छप्पन्न. चाळिशीत एक्कावन्न, पन्नाशीत सेहेचाळीस, साठीत चाळीस, सत्तरीत छत्तीस. माणूस हुशार असो की साधा, दोन घरे पुढे-मागे असेल, पण उतार सगळ्यांचा तोच. पगडीवाला आणि मुंडासेवाला, बाई आणि बुवा, सगळे एकाच उतारावरून चालले आहेत. माझ्या अंगावर काटा आला. तरुणपणी पहिल्यांदा गणिताने गुरूचे स्थान काढले, मान वर केली आणि तो नेमका तिथे दिसला, तेव्हा असेच झाले होते. आपल्याला वाटते की विचार म्हणजे वारा, त्याला कोण मोजणार? आणि इथे तांब्याच्या वाटीने तो मोजला. बुद्धीलाही गती आहे, आक्का! आणि ग्रहांसारखी नेमलेली आहे.

त्याहून मोठे नवल पुढे आहे. तरुणांच्या चुका जास्त. अनंताच्या एकोणसाठात चार चुकल्या. तो म्हणतो, आकडे विचारणाऱ्याचा उच्चार नीट नव्हता. नाचता येईना अंगण वाकडे. म्हाताऱ्यांची उत्तरे थोडी, पण चूक एखादी किंवा नाहीच. माझ्या अडतिसात एकही नव्हती. शनीला आपण मंद म्हणतो. त्याला एका फेऱ्याला तीस वर्षे लागतात, पण तो आजवर कधी वाट चुकला आहे का?

तरी आबांचे भूत मानेवरून उतरत नाही. हा उतार सगळ्यांचा आहे की माझा उतार त्याखालच्या खड्ड्यात संपतो, हे कळायला तुझा आकडा हवा. तुझ्यामाझ्यात एकच रक्त. जोडीचे पात्र वाईला निघालेल्या माणसाबरोबर पाठवले आहे. छत्तीसच्या आसपास यावे अशी आशा करतो.

दिगू


वाई
श्रावण वद्य ८

चिरंजीव दिगूस आशीर्वाद.

बस आता, म्हणजे पडणार नाहीस. माझी एकाहत्तर झाली!

पात्र परवा पोचलं. मी मधल्या चौकात बसले, सुनीतीला समोर बसवलं. तिला औटकी येत नाही, पण शंभरापर्यंत आकडे येतात. ती मनाला येईल तो आकडा बोलायची, मी उत्तर द्यायचे, उत्तर आलं की तिने एक चिंचोका परातीत टाकायचा. पात्र बुडेपर्यंत एकाहत्तर चिंचोके. मला वाटलं कृष्णेच्या पाण्यात तुझं पात्र सावकाश बुडत असेल, म्हणून पुन्हा केलं. सत्तर. तुझा तो उतार माझ्या उंबऱ्याला आपटला आणि फुटला, बिचारा!

सुनीती मनाने चांगली आहे पण हल्ली तिचं लक्ष नसतं. लक्ष वातींचा नेम धरलाय मी, शंभराशंभराच्या जुड्या बांधते. ती म्हणते, सासूबाई, जुडी कमी भरते. कधी म्हणते ऐंशी आहेत, कधी म्हणते एकशेबारा. तिला मोजता येत नाही आणि मला शिकवायला निघाली. किल्ल्यासुद्धा कुठे ठेवते ते तिलाच ठाऊक.

अनंताला सांग, आत्याने एकाहत्तर केली.

आक्का


पुणे
भाद्रपद शुद्ध ६

तीर्थरूप आक्कास साष्टांग दंडवत. रीतीचे नव्हे, खरोखर घातले. तुझे पत्र वाचले आणि वाईच्या दिशेला तोंड करून घातले. अनंतानेही घातले.

एकाहत्तर! या शहरात विशीतला सर्वांत तेज पोरगा त्रेसष्टाच्या पुढे गेला नाही. जब्बारला सांगितले तर त्याने दोन्ही हात कानाला लावले. बेचाळीस माणसांनी बांधलेला माझा नियम एका बाईने मोडला, आणि मला त्याचे दुःख नाही. आकाशात नवा तारा दिसला तर जोशी रडतो का? तुझी बुद्धी कोणत्या मातीची आहे, आक्का? लहानपणी तू जिंकायचीस तेव्हा मला वाटायचे, मोठी आहे म्हणून. आता कळते, मी कोणाशी शर्यत लावत होतो.

पण कागद खाली ठेवल्यावर दुसरी बाजू दिसली. आपले रक्त एक. तू सात वर्षांनी मोठी, आणि तुला वय शिवलेले नाही. म्हणजे आपल्या घरात वयाने कोणी मंद होत नाही. मग मी झालो तो वयाने नव्हे. दुसऱ्या कशाने, ते मला माहीत आहे. तेव्हा मी ठरवले. दसऱ्याला पाटीवर अनंत बसेल. त्याला अजून सांगितलेले नाही, आधी तुला कळवतो.

दोन गोष्टी मागतो. तुझ्यासारखी बुद्धी कशी चालते ते मला पाहायचे आहे. सोबत तीस आकडे लिहून पाठवतो, त्यांची औटकी तुझ्या हाताने लिहून पाठव. आणि आबांचे काय झाले ते सांग. तू तेव्हा पुण्यात होतीस. मी कोणत्या वाटेवर आहे ते मला कळू दे.

दिगू


वाई
भाद्रपद वद्य ९

चिरंजीव दिगूस आशीर्वाद.

पितृपक्ष चालू आहे, म्हणून आबांचं लिहायला हरकत नाही. आजवर हे कोणाला सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

तू काशीला गेलास आणि आबांचं पाहायला घरात बाईमाणूस नाही म्हणून ह्यांनी मला दोन वर्षं माहेरी राहू दिलं. आबा पाटीसमोर बसून आकडे बोलायचे, मी धुळीत मांडायचे. एक दिवस ते म्हणाले, सोळा औटे अठ्ठावन्न. मी हसले. मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. ते हसले नाहीत. त्यांनी पुढचं गणित अठ्ठावन्नावरच उभं केलं.

दिगू, आबा कधीच मंद झाले नाहीत. हे नीट वाच. ते कधी थांबले नाहीत, अडखळले नाहीत. प्रश्न संपायच्या आत उत्तर, तसंच खणखणीत. फक्त चुकीचं. आणि ते चुकीचं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. दुसऱ्याने हरकत घेतली की ते दुसऱ्याची कीव करायचे. किल्ली सापडली नाही की गड्याने लपवली. लोकांना वाटायचं, म्हातारा काय तल्लख आहे!

मग मी काय केलं, ते बोलायचे ते मांडायचे, आणि ते जेवायला उठले की पुसून बरोबर ते मांडायचे. तशी दोन सालं गेली. ती दोन्ही पंचांगं माझ्या बोटांची आहेत, दिगू. एकादशी नि संकष्टी, सगळं. सूर्यग्रहणाचा स्पर्श मी काढला आणि माजघराच्या खिडकीतून बघितला. नेमका त्या पळाला सूर्याची कड काळी झाली. माझ्या हातातलं ताम्हन खाली पडलं. एवढं मोठं आभाळ आणि ते माझ्या धुळीतल्या आकड्याला विचारून चालल्यासारखं! बाहेर लोक आबांचा जयजयकार करत होते. मी आत एकटी रडले, आनंदाने.

तेव्हा आता माझं ऐक. तू थांबतोस, कारण आत कोणीतरी उत्तर पुसून तपासून बघतं. आबांच्या आत ते बघणारं आधी गेलं. तुझं शाबूत आहे. तू त्या वाटेवर नाहीस, त्या वाटेवरचा माणूस थांबत नाही. पाटी सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझे तीस आकडे सोबत आहेत. एका दमात लिहिले. शाई वाळायला त्याहून जास्त वेळ लागला.

आक्का


पुणे
आश्विन शुद्ध ४

तीर्थरूप आक्कास दंडवत. या पत्राला उशीर झाला. तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. तीन वेळा उत्तर लिहायला घेतले आणि तीन वेळा फाडले.

दोन पंचांगांचे वाचून मी पेटीतून ती जुनी पाने काढली. मी काशीहून आल्यावर त्यांवरूनच शिकलो होतो. आबांचे शेवटचे काम म्हणून मी त्यांना नमस्कार करायचो. चाळीस वर्षे मी तुला नमस्कार करत होतो, आणि मला ठाऊक नव्हते. हे शब्दांत बसत नाही म्हणून इथेच सोडतो.

मग तुझ्या तीस आकड्यांचा कागद उघडला. आक्का, त्यात तेरा चुकले आहेत.

मी पुन्हा तपासले. आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागितले की माझे गणित चुकलेले असू दे. तिसऱ्यांदा तपासले. मग अनंताला दिले आणि काही सांगितले नाही. त्यानेही तेराच काढले. तेवीस औटे तू साडेसत्त्याऐंशी लिहिलेस, ते साडेऐंशी. सत्तावीस औटे नव्वद लिहिलेस, ते साडेचौऱ्याण्णव. बाकीच्यांवर खूण केली आहे, कागद परत पाठवतो.

आषाढात एकोणिसाला तू चुकलीस, ते मी लेखणीवर ढकलले. वातींच्या जुड्यांचे तू लिहिलेस, ते मी हसून वाचले. एकाहत्तर चिंचोके पाहून दंडवत घातले आणि त्यातले खरे किती, हे विचारलेच नाही. सुनीतीला औटकी येत नाही, हे तू लिहिले होतेस. मला दिसले नाही, कारण तू चुकशील हे माझ्या बुद्धीत बसतच नव्हते.

गप्प बसावे असे फार वाटले. तू आनंदात आहेस. कागद जाळला असता तर तुला कधी कळले नसते. पण आबांचे तू जे लिहिलेस त्यात एक गोष्ट मला टोचत राहिली. त्यांना कोणीच सांगितले नाही. रागाव, शिव्या दे, माझीच बुद्धी गेली म्हण. पण माझ्या हातून तुला खोटे लिहवत नाही. तू मला औटकी शिकवलीस.

दसरा झाला की मी वाईला येतो.

दिगू


वाई
आश्विन शुद्ध ८

चिरंजीव दिगूस आशीर्वाद.

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे. प्रत्येक ओळ सुनीतीला वाचून दाखवते, मग पुढची.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते भिरकावलं. सुनीतीला म्हटलं, दिगूचं डोकं फिरलं, आबांसारखंच. तिने कागद उचलला, माझ्यासमोर ठेवला आणि परात घेऊन बसली. म्हणाली, "सासूबाई, सतरा." माझ्या तोंडून आलं, साडेबासष्ट. काही अडलं नाही, काही वाटलं नाही. अगदी तसंच आलं जसं लहानपणी यायचं. तिला म्हटलं, आता मांड. सतरा ठिकाणी तीन तीन चिंचोके आणि एक एक फोडलेला अर्धा. मोजले. एक्कावन्न अख्खे आणि सतरा अर्धे. साडेएकोणसाठ. मी परात उलटी केली. पुन्हा मांडले. पुन्हा साडेएकोणसाठ. पाच वेळा मांडले, दिगू. चिंचोक्यांचं भांडण नव्हतं माझ्याशी.

फार घाबरले. आणि त्या भीतीतच एक नवल वाटलं, ते तुलाच लिहिता येईल. तोंड चुकीचं बोलत होतं आणि तरी समोरची रास बघून खरं काय ते मला कळत होतं. म्हणजे बघणारं अजून सगळं गेलेलं नाही. आपसूक जागं होत नाही एवढंच, कोणी हाक मारावी लागते. माणसाच्या डोक्यात एवढी दालनं आहेत हे मला सूर्यचंद्र मोजतानाही ठाऊक नव्हतं.

सुनीतीच्या हाती किल्ल्या दिल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवला, ती रडली. वातींच्या जुड्या तिने सोडून पुन्हा बांधल्या. आता मी औटकी म्हणते आणि ती मांडून बघते. चुकलं की म्हणते, पुन्हा. पात्र बुडेपर्यंत काल तीन झाली.

आबांचं एक सांगायचं राहिलं. मला वाटायचं, मी मागून पुसत होते ती माया होती. त्यांना कळू नये, त्यांचा मान राहावा. माया होतीच. पण तुझं पत्र वाचल्यावर खरं कळलं, मला त्यांच्या तोंडावर सांगायची भीती वाटत होती. ते कायम बरोबर असलेल्या माणसासारखे गेले, आणि अगदी एकटे गेले. तूही भ्यालेला आहेस, तीन कागद फाडलेस. पण तू लिहिलंस. मला तू एकटं सोडलं नाहीस, बाळा.

अनंताला जवळ बसव, पण पाटीवर तूच बस. तो भरभर बोलू दे, तू सावकाश मांड. पूजा झाली की ये. तुला बघून मी ओळखेन की नाही याची काळजी करू नकोस, अजून ओळखते. पण लवकर ये.

आक्का